बेटावरची सत्तावीस मतं

१९७२ साली विस्कॉन्सिन राज्याची वॉशिंग्टनच्या काँग्रेसमधली, म्हणजे देशाच्या संसदेतली, एक जागा कमी झाली आणि त्यापायी राज्यातले सगळे मतदारसंघ नव्याने आखावे लागले. राजधानीत बसून कुणीतरी मारलेली एक रेघ डोंगर उतरून थेट आमच्या नेसडाल गावाच्या मधोमध आली. तोवर नेसडालची सगळी माणसं एकाच उमेदवाराला निवडून देत किंवा पाडत आली होती. आता ओढ्याच्या पश्चिमेकडच्यांनी नदीकाठच्या मतदारसंघात मत द्यायचं आणि पूर्वेकडच्यांनी उत्तरेच्या.

अर्डिस त्वेट तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. बावीस वर्षं ती मतदानाच्या दिवशी गावाच्या हॉलमधल्या टेबलाशी बसत आली होती. त्या काळी आमच्यासारख्या खेड्यांतून मतदारयादी नावाचा प्रकारच नव्हता. माणूस आत आला, की अर्डिस वहीत त्याचं नाव लिहायची, मतपत्रिकेच्या पाठीवर आपली आद्याक्षरं घालायची आणि कागद त्याच्या हातात द्यायची. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. ज्याच्या बाप्तिस्म्याचं जेवण जेवलो, त्याला ‘तुमचं नाव काय’ म्हणून विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखंच झालं असतं.

त्या वर्षी नदीकाठच्या मतदारसंघातून आयनार लोकेन उभा होता. आयनार म्हणजे अर्डिसच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. अर्डिसनेच त्याला वाढवलं. पुढे तो गुरांचा डॉक्टर झाला आणि खोऱ्यातल्या प्रत्येक गोठ्यात त्याचे बूट कधी ना कधी चिखलाने भरले. दोन वर्षांपूर्वी तो एकदा निवडणुकीत पडला होता. ‘आता आणखी एकदाच,’ असं त्याच्या बायकोने, मारेनने त्याला बजावलं होतं, आणि मारेन एकदा बोलली की बोलली. वर्षभर दवाखाना दुसऱ्यावर सोपवून तो मतदारसंघातल्या अकरा काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथ्या घालत होता. म्हणजे त्या नोव्हेंबरात जे व्हायचं ते शेवटचंच होतं.

भाचा उभा म्हटल्यावर अर्डिसने जास्तच काळजी घ्यायचं ठरवलं. कुणी बोट दाखवता कामा नये. ओर्लिन स्कार हा गावाचा प्रमुख, आणि मतदानाचाही मुख्य अधिकारी तोच. तो म्हणाला, “या खेपेला बस घरी, कुणाला तरी दुसरीला बसवू.” ती म्हणाली, “दुसरीला कोण कुठं राहतं ते तरी ठाऊक आहे का?” आणि सप्टेंबरातच तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून यादी केली. कुणाला पांढरी मतपत्रिका द्यायची, म्हणजे नदीकाठची, आणि कुणाला पिवळी, उत्तरेची. काउंटीच्या कचेरीतून एक नकाशाही आला होता, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला. ती नळी हॉलच्या कोपऱ्यात झेंड्यामागे उभी होती, ती तशीच राहिली. नेसडालचा नकाशा बघायला अर्डिस काय परगावची होती?

इथे एक सांगायला हवं. १९३५च्या पुरात ओढ्याने आपली जागा सोडली आणि तो पूर्वेच्या टेकडीखालून वाहू लागला. जुन्या पात्रात नुसती दलदल आणि वाळुंजाची झाडं उरली. जुनं पात्र आणि नवं पाणी यांच्यामधल्या अकरा घरांना तेव्हापासून ‘बेट’ म्हणतात. पण पाणी हललं तरी माणसांची हद्द हलली नव्हती. बेटावरचं दूध पूर्वेच्या चीज कारखान्यात जायचं, मुलं पूर्वेच्या शाळेत जायची, चर्चच्या बायकांच्या मंडळातही बेटावरच्या बायका पूर्वेच्या टेबलाशी बसायच्या. सदतीस वर्षं वाळुंजाची रांग हीच सीमा होती. अर्डिसने यादीत तीच धरली आणि बेटाच्या नावापुढे पिवळी लिहिलं.

मतदानाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हॉलमधला तेलाचा शेगडा घुरघुरत होता, कॉफीचं मोठं भांडं उकळत होतं आणि कुणीतरी खजुराच्या वड्यांचं ताट आणून ठेवलं होतं. दहाच्या सुमाराला बेटावरची टिल्डा ब्रेके आली. ऐंशी वर्षांची, बुटांवरून मुलाचे रबरी बूट चढवलेली. पिवळा कागद घेऊन ती पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मग पडदा जरासा सरकला.

“अर्डिस, अगं, या कागदावर...”

“टिल्डा, इथे बोलायचं नसतं.”

“बोलत कुठं आहे? नुसतं विचारतेय. यात एक जण दिसत नाही गं.”

अर्डिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हॉलमध्ये पाच-सहा माणसं उभी होती आणि टिल्डा आता आयनारचं नाव घेणार, तेही त्याच्या मावशीसमोर! “नाव घेऊ नकोस!” ती जवळजवळ ओरडलीच. “टेबलाशी उमेदवाराचं नाव निघालं तर मला ते लिहून वर कळवावं लागेल. काय छापलंय ते वाच आणि काय करायचं ते कर.”

“बरं बाई,” टिल्डा म्हणाली. “तुला ठाऊकच असणार.” आणि पडदा पुन्हा ओढला गेला.

ओर्लिन कॉफी ओतता ओतता म्हणाला, “देवाचं नाव शोधत असेल ती. तो नाही उभा यंदा.” सगळे हसले. अर्डिसही हसली.

बेटावरची बाकीची सव्वीस माणसं दिवसभरात येऊन गेली. पडद्याबाहेर येताना काहींनी तिच्याकडे जरा थांबून बघितलं, तिने मान हलवली, त्यांनीही हलवली. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे असंच आहे. जेवणात मीठ नसलं तरी माणूस म्हणतो, छान झालंय. आपल्यामुळे चारचौघांत खोळंबा व्हायला नको आणि अर्डिस चुकेल असं तर कुणाच्या मनातही आलं नसतं.

आठ वाजता दार बंद झालं आणि पेटी उघडली. पांढऱ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. अर्डिस पिवळ्या उलगडत होती, ओर्लिन लिहून घेत होता. सातव्या की आठव्या कागदावर तिचा हात थांबला. छापलेल्या नावांवर खूण नव्हती. खाली, न छापलेलं नाव लिहायला सोडलेल्या कोऱ्या जागेत, पडद्यामागे दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: आयनार लोकेन.

“आता हा कुणाचा चावटपणा?” ओर्लिन म्हणाला.

पुढे आणखी एक निघाला. मग आणखी दोन. एकावर नुसतं ‘आपला आयनार’ एवढंच होतं. असे चौदा कागद निघाले. ओर्लिनने उठून झेंड्यामागची नळी आणली, नकाशा टेबलावर पसरला आणि कडेला कॉफीचे कप ठेवले. निळी रेघ टेकडीखालच्या पाण्याबरोबर जात होती. बेट नदीकाठच्या मतदारसंघात होतं.

अर्डिसने ती रेघ बोटाने शेवटपर्यंत गिरवली.

“त्यांना पुन्हा बोलावता येईल?” अर्डिसने विचारलं.

“आठ वाजून गेले. आणि बोलावून करणार काय? त्यांची मतं पडून गेलीत. यातला कुठला कागद टिल्डाचा, कुठला तिच्या मुलाचा, सांगता येईल तुला?”

“शेऱ्याच्या रकान्यात लिही. सत्तावीस जणांना चुकीचा कागद दिला म्हणून.”

“अर्डिस, अकरा काउंट्या आहेत. सत्तावीस मतांनी काय आभाळ कोसळतंय? उगाच तुझंच नाव खराब होईल.”

“प्रत्येकाच्या पाठीवर माझीच अक्षरं आहेत, ओर्लिन. ती कोण पुसणार?”

त्याने लिहिलं. शक्य होतं ते एवढंच, आणि ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आयनारला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे मावशी, एवढ्या तेवढ्याने काय होतंय.” तेव्हा तो दोनशेंनी पुढे होता. मग एकेका काउंटीची पक्की मोजणी येऊ लागली. दोनशेचे नव्वद झाले, नव्वदचे बारा. नवव्या दिवशी तो तिच्या स्वयंपाकघरात आला, टोपी न काढताच खुर्चीत बसला.

“अकरा,” तो म्हणाला. “अकरा मतांनी गेलो.”

अर्डिस शेगडीकडे तोंड करून उभी होती. कॉफी तयार होती, पण तिला ती ओतता येईना.

“माझं नाव किती जणांनी लिहिलं होतं म्हणालीस?”

“चौदा.”

“चौदा.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “ब्रेकेंच्या घरातली मतं काही मिळायची नाहीत असं धरून चाललो होतो मी. त्यांची ती तांबडी गाय माझ्या हातून गेली होती.”

“मला चार शब्द बोल रे,” अर्डिस म्हणाली. “शिव्या दे. असा बसू नकोस.”

“काय बोलू, मावशी? लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्यासुद्धा तूच तपासायचीस.” मग तो उठला, तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि दोघांसाठी कॉफी त्यानेच ओतली.

डिसेंबरात आयनारच्या तक्रारीवर काउंटीच्या न्यायालयात सुनावणी झाली. सकाळचं दूध काढून बेटावरची सत्तावीसच्या सत्तावीस माणसं चर्चचे कपडे घालून आली. समोरच्या उमेदवाराच्या वकिलाने अर्डिसला उभं केलं.

“ही माणसं तुमच्या ओळखीची नव्हती का?”

“सगळी ओळखीची होती.”

“मग कोण कुठं राहतं ते तुम्ही विचारलं नाही?”

“ओळखीची होती म्हणून तर नाही विचारलं.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. ते शेतकऱ्याच्या घरातले होते; त्यांना कळलं असावं. मग टिल्डा काठी टेकत आपणहून उभी राहिली.

“मला सांगायचंय, मी कुणाला मत देणार होते ते.”

“आजी, ते इथे सांगता येत नाही. मत गुप्त असतं,” न्यायाधीश म्हणाले.

“माझं आहे ना? मग मीच सांगते की.”

“तुम्ही आज सांगाल ते आजचं झालं. त्या दिवशीचं पेटीत आहे.”

“पेटीतही तेच आहे! पेन्सिलीने लिहिलंय खाली. काढून बघा.”

“बघितलंय, आजी,” न्यायाधीश हळूच म्हणाले. “चौदाही बघितले. पण तो कागद उत्तरेच्या जागेचा आहे आणि उत्तरेत हे गृहस्थ उभेच नव्हते. तुम्ही कुणाला मत दिलं असतंत, ते मला मोजता येत नाही. जे दिलंत तेवढंच मोजता येतं.”

“मग आता काय करायचं आम्ही?”

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलाने टिल्डाला धरून खाली बसवलं. वॉशिंग्टनलाही अर्ज गेला. वसंतात तिथून नकाराचं पत्र आलं, तेही तीन ओळींचं. समोरचा उमेदवार तोवर काँग्रेसमध्ये शपथ घेऊन बसला होता.

आयनार पुन्हा उभा राहिला नाही. त्याने दवाखाना परत घेतला आणि एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत गुरं बघितली. निवडणुकीचं कुणी काढलं की तो हवापाण्याचं बोलू लागायचा. मारेनने मात्र त्याच्या नावाच्या पाट्या फेकल्या नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्याला आतून ठोकल्या, आणि त्या कितीतरी वर्षं तिथे दिसत. ओर्लिन आणखी दोनदा गावाचा प्रमुख झाला, मग मुलीकडे ॲरिझोनाला गेला आणि तिथेच वारला. टिल्डा चौऱ्याण्णव वर्षं जगली. पुढच्या प्रत्येक मतदानाला ती पडद्यामागून कागदावरची सगळी नावं मोठ्याने वाचायची आणि तिला गप्प करायची कुणाची छाती झाली नाही. कायद्याने ठरवून दिलेली मुदत संपल्यावर त्या पिवळ्या मतपत्रिका काउंटीच्या भट्टीत जाळल्या. १९७८च्या पुरात ओढा पुन्हा आपल्या जुन्या पात्रात आला, वाळुंजांच्या रांगेतून वाहू लागला. नकाशावरची रेघ होती तिथेच राहिली.

अर्डिस त्या टेबलाशी परत बसली नाही. मत द्यायला जायची ती सगळ्यांत शेवटी, हॉल रिकामा झाला की. नव्वदीत तिची आठवण जाऊ लागली, तेव्हा तिला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. आयनार दर रविवारी चर्चनंतर तिच्याकडे जायचा. ती उशीजवळची वही काढायची, पेन्सिल हातात धरायची आणि परक्या माणसाला विचारावं तसं अदबीने विचारायची, “आपलं नाव काय? राहता कुठं?”

तो दोन्ही सांगायचा. ती सावकाश लिहून घ्यायची आणि त्याला परत वाचून दाखवायची, बरोबर आहे ना म्हणून.