लव कोणत्या बाजूला

पट्टा पहिला

आठ माणसांनी गुंडाळी ढकलली आणि मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गवत धावत गेलं.

माळी गुडघ्यांवर बसला. एकतीस वर्षं त्याने इथे गवत वाढवलं होतं, पण गवताला धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने एक पातं चिमटीत धरून ओढलं. तुटेना. वास घेतला. नव्या बादलीचा वास.

“मुळं कुठायत?”

“मागे टाके आहेत ना,” भाची म्हणाली. “तीच मुळं समज, मामा.”

भाची गालिच्यांच्या गिरणीत सुयांच्या यंत्रावर होती. लोकर काढून तिथे प्लॅस्टिकची हिरवी फीत ओवायची, ही त्या गिरणीचीच करामत.

दुसऱ्या पट्ट्याआधी थोडं मागे

मैदानावर छप्पर घातलं, ते काचेचं. उन्हात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून काचांना पांढरा रंग फासला. चेंडू दिसू लागला, गवत मेलं. माळ्याने पुन्हा पेरलं, पुन्हा मेलं. शेवटी त्याने मातीवर हिरवा रंग फवारला. खेळाडू घरी जाताना गुडघे हिरवे, आणि माळ्याला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

मग ठरलं, कारखान्यातलं गवत आणायचं. मैदानाचे साहेब बोलताना सारखे मनगटाकडे बघत, म्हणून सगळे त्यांना मागून घड्याळसाहेब म्हणत. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं की शनिवारी सामना आहे, आणि गवत वाढणारच नाही म्हटल्यावर माळ्याचं काय करायचं, ते सामन्यानंतर बघू.



पट्टा तेरावा

तेरा पट्टे झाल्यावर भाची उरलेला माल आणायला गिरणीत गेली. तोवर आणलेल्या गुंडाळ्या पसरायचं काम मामाकडे. सांधे मात्र तीच येऊन चिकटवणार होती.

माळी कडेला उभा राहून बघत राहिला. सगळं एकाच रंगाचं, भिंतीसारखं. त्याच्या मैदानावर फिकट आणि गडद पट्टे असायचे. यंत्र जाताना गवत एका बाजूला निजवायचं, येताना दुसऱ्या. लांबून लोक ते पट्टे बघायला थांबायचे.

त्याने एका पट्ट्यावरून तळहात फिरवला. एका बाजूने मऊ, उलट्या बाजूने खरखरीत. म्हणजे हेसुद्धा निजतं तर. गुंडाळ्यांच्या पाठीवर बाणही छापलेले होते. त्याने बाणांचा आपल्यापरीने अर्थ लावला आणि माणसांना हाक मारली. एक सुलटा, एक उलटा. आधीचेही फिरवून घेतले.

पट्टा सव्विसावा

भाचीने गिरणीतून पाठवलेला शेवटचा पट्टा पडला, मागोमाग ती आली आणि दिवे लावले.

ऊन नाही, पाणी नाही, माती नाही, आणि डोळ्यांसमोर भर हंगामातलं मैदान. फिकट, गडद, फिकट, गडद. आठ माणसं हातातलं सोडून कडेला बसून राहिली. घड्याळसाहेब आले आणि घड्याळ बघायचं विसरले.

भाचीने चेंडू घेतला, या गोलसमोरून त्या गोलकडे सरळ सोडला.

चेंडू पहिल्या पट्ट्यावर जरा डावीकडे कलला. दुसऱ्यावर उजवीकडे. तिसऱ्यावर पुन्हा डावीकडे. नागमोडी वळणं घेत तो सगळं मैदान पार करून गेला. माणसं हसली. भाची हसली नाही.

“मामा, एकाआड एक उलटा कुणी टाकला?”

“मी. पट्टे दिसावेत म्हणून.”

ती खाली बसली. मग तिने त्याचा हात धरून गवतावरून फिरवला आणि हळूच समजावलं. लव, म्हणजे पात्यांची ही टोकं, जिकडे झुकते तिकडे चेंडूला ढकलते. सगळे बाण एकाच बाजूला हवेत. गिरणीत झाडूवालीलाही हे माहीत असतं, म्हणून मामाला सांगायचं असतं हेच तिला सुचलं नाही.

सामना परवावर होता. सांधे चिकटवले नव्हते, तेवढंच नशीब.

पट्टा दुसरा, पुन्हा

माळी स्वतः पुढे झाला, खांदा लावला, आणि कुणी काही बोलायच्या आत

पट्टा चौथा, पुन्हा

सहावा, आठवा करत, कंबर मोडेस्तोवर फिरवत

पट्टा सव्विसावा, पुन्हा

थांबला. भाचीने चेंडू सोडला. शंभर पावलांचं अंतर, आणि रेघ मारावी तसा तो सरळ आला. आवाज नाही, उसळी नाही. माळ्याच्या बुटाला टेकून थांबला. असं सपाट मैदान त्याला एकतीस वर्षांत जमलं नव्हतं.

“झालं मग,” तो म्हणाला. “माझं काम संपलं.”

“संपतंय कसलं? लोक तुडवणार, लव आडवी होणार. रोज उलटा झाडू मारून उठवायची. मग शेवटचा हात सुलटा, एकाच बाजूने. त्यात चूक झाली तर काय होतं, हे तुझ्याइतकं इथे कुणाला ठाऊक आहे?” भाची म्हणाली आणि साहेबांकडे वळली. साहेबांनी मान डोलावली.

सामन्यानंतर

वर्षभरात दुसऱ्या मैदानांचे माळी बघायला येऊ लागले. कुठे बर्फ सरत नाही, कुठे पाऊस पडत नाही, कुठे शाळेला फक्त गच्चीच आहे. माळी त्यांना बूट काढायला लावी, तळहात टेकायला लावी आणि विचारी, “लव कोणत्या बाजूला?”

आणि गोलच्या मागे, रेघेबाहेर, जिथे चेंडूचा काही संबंध नाही, तिथे रोज तो झाडूचा शेवटचा हात उलटा मारी. एकच गडद पट्टा. भाचीला तो दिसे. ती त्याला वळसा घालून जाई.