कपाटात कोंडलेला टिंकहॅम

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी एक जुना, खिशात ठेवायचा अमेरिकन चाकू आहे आणि माझ्या मुठीला आता आंबूस वास येतो. हात लावलात तर बोटं चिकट होतील.

माझं नाव टिंकहॅम, कारखान्याचंच. ऐकलं नसेलच! पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातला लहानसा कारखाना आमचा, मोठ्या कंपन्यांपुढे त्याला कोण विचारतो? पण माल चोख होता. माझी मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, मधाच्या रंगाची. ती इडा पेल्की नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीनं बसवली. शेजारच्या बाकावर तिची थोरली बहीण व्हेस्टा हाडाच्या मुठीचे चाकू जोडायची.

मला ऑरिन नावाच्या गवळ्यानं घेतलं. पन्नास वर्षं मी त्याच्या खिशात होतो. गवताच्या भाऱ्यांच्या दोऱ्या कापल्या, सफरचंदं सोलली. एकदा वासराच्या मानेला बसलेला फास कापला, तेव्हा "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणत त्यानं मला विजारीला पुसलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच. ऑरिन गेला आणि सुनेनं मला जुन्या चमच्यांबरोबर विकून टाकलं.

घेणारा मर्ल ऑल्डरिच, निवृत्त पोस्टमन. नावाजलेले चाकू सगळेच जमवतात, हा मात्र आमच्यासारख्या बिननावाच्यांच्या मागे. कारखाना कधीच जळून गेला होता, आमच्याखेरीज त्याची खूण उरली नव्हती. मर्लनं वणवण करून एकसष्ट टिंकहॅम गोळा केले. त्यात व्हेस्टानं जोडलेलाही एक होता, आतल्या पितळेच्या पट्टीवर तिनं चोरून कोरलेल्या स्वतःच्या नावाच्या अक्षरांसकट.

व्हेस्टा वारली होती. इडा गावातच होती. ती दर उन्हाळ्यात मर्लकडे यायची.

"एकदा हातात दे रे. व्हेस्टाचं पातं खटकन मिटायचं. तेवढं ऐकते नि जाते."

"इडाबाई, लांबूनच बघा. बोटांच्या घामानं गंज चढतो."

"मेल्या, चाकू आहे का नवी नवरी?"

मर्ल नुसता हसायचा. मग त्यानं पोलादी कपाट आणलं, दाराला चहूकडून रबर लावलं. "मुंगी सोडा, हवासुद्धा शिरणार नाही!" म्हणाला. आम्हाला कापडाच्या गुंडाळ्यांत घालून कुलूप ठोकलं. त्याच हिवाळ्यात पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि तो दोन वर्षं लेकीकडे राहिला.

इथून माझं पाप सुरू होतं. जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्यातून आंबट वाफ सुटते. उघड्यावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. कोंडलेल्या कपाटात जाणार कुठं? तिनं आधी माझं पातं खाल्लं, मग शेजाऱ्याचं. आणि शेजारी होता व्हेस्टाचा चाकू. मला कळत होतं हो सगळं, पण चाकूला ओरडता येतं थोडंच!

मर्ल घरी परतला तो इडाच्या नव्वदाव्या वाढदिवसाला. त्यानं स्वतःहून तिला बोलावलं. "आज तुमच्या हातानं उघडा," म्हणाला. दार उघडलं आणि भपकारा आला. एकेक गुंडाळी सोडावी तर आत तांबडा भुगा.

इडानं व्हेस्टाचा चाकू शोधून काढला. खाचेत नख घातलं, पातं हलेना. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. कट्! पातं मुळातूनच तुटून तिच्या मांडीवर पडलं.

"या हरामखोरानं घात केला!" मर्लनं मला फरशीवर आपटलं.

"त्याला कशाला शिव्या देतोस? ती मूठ मीच बसवलीय," इडा म्हणाली. "दर वर्षी पदर पसरला रे तुझ्यापुढे. हातात दे म्हटलं." तुटकं पातं तिनं रुमालात गुंडाळलं. "चल, मला घरी सोड."

आता मी मागच्या अंगणात गंजक्या खिळ्यांच्या डब्यात असतो. हवा भरपूर आहे, पण तिचं काय लोणचं घालू?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण अधूनमधून त्यांना उघडा, वारा लागू द्या, आणि माझ्यासारख्याला वेगळं ठेवा. आणि कुणी म्हातारं माणूस हात पुढे करून मागत असेल ना, तर त्याच दिवशी देऊन टाका. इडा त्यानंतर मर्लच्या दारात आलेली नाही.