विमानं बघणारे दोघे

कोरेगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अजमल मुलाणीचा फोटो स्टुडिओ आहे. वडील गेल्यापासून तो एकटाच चालवतो. पासपोर्टचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, बारशी, लग्नं, हे झालं पोटाचं काम. जीव होता तो विमानांवर. आणि हे वेड त्याला एकट्याला नव्हतं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या लालासाहेब बर्ग्यांचा मुलगा ऋषिराज त्याच्याइतकाच वेडा होता.

दोघे पाचवीपासून एका बाकावरचे. शाळा सुटली की बर्ग्यांच्या उसाच्या बांधावर उताणे पडायचे आणि आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा बघायचे. कुठली रेघ बंगळूरला चालली, कुठली दुबईला, यावर भांडायचे. पुढे मोबाइल आला, त्यावर प्रत्येक विमानाचं नाव-गाव दिसायला लागलं आणि भांडणं मिटली. ऋषिराज इंजिनिअर होऊन शिरवळच्या एका कारखान्यात लागला. त्याने कॅमेरा घेतला, अजमलने स्टुडिओच्या नावावर लांब पल्ल्याची लेन्स घेतली. वर्षातून दोन-तीनदा दोघे ऋषिराजच्या गाडीने मुंबईला जायचे. आदल्या दिवशी पनवेलला ऋषिराजच्या मावसबहिणीकडे मुक्काम, आणि सकाळी उठून विमानतळ.

कुर्ल्याच्या बाजूला विमानतळाच्या भिंतीला लागून एक टेकडी आहे. तिच्या अंगावर घरांवर घरं चढलेली. तिथे अंजना मावशीची गच्ची होती. अजमलने एकदा तिच्या नातवंडांचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून आणून दिला होता. तेव्हापासून ती त्यांना पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहू द्यायची. पूर्वेकडून येणारं विमान तिथून इतकं जवळून उतरायचं की चाकांवरचे काळे डाग दिसायचे. पोट आधी, मग आवाज, मग मागून येणारा गरम वारा आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांची फडफड. बाकी कुणाला यात काय बघायचं ते कळत नसे. अजमलची बायको नूरीन म्हणायची, एकदा बघितलं की झालं न्हाई का? पण प्रत्येक विमान वेगळं उतरतं, वारा वेगळा, ऊन वेगळं, हे तिला सांगून पटलं नसतं.

त्या वर्षी मे महिन्यात एक जुनं चार इंजिनांचं जम्बो माल घेऊन मुंबईला येणार असल्याचं ऋषिराजला कळलं. तसली विमानं आता एकेक करून मोडीत निघत होती. त्याने लगेच सुट्टी टाकली. अजमलने मात्र या वेळी नको म्हणून बघितलं. सरहद्दीवर तणाव होता, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं, आणि विमानतळाभोवती बंदोबस्त वाढला होता. ऋषिराज हसला. आपण काय चोरी करतोय का, असं त्याने विचारलं. अजमलने लग्नाच्या कामाचं निमित्त सांगितलं, तेही ऋषिराजने हाणून पाडलं. खरं कारण अजमलच्या तोंडून निघालं नाही. वीस वर्षांच्या दोस्तीत दोघांनी ते कधी काढलं नव्हतं, आणि आता काढलं तर ऋषिराजला वाईट वाटेल असं त्याला वाटलं.

सकाळी ते गच्चीवर चढले. ऊन अजून कोवळं होतं. जम्बो यायला अवकाश होता म्हणून दोघे आळीपाळीने बाकीच्या विमानांचे फोटो काढत राहिले. मग खाली बोळात बुटांचे आवाज आले. शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी फोन केला होता, दोन माणसं मोठी दुर्बीण लावून बसलीत म्हणून. तीन पोलीस वर आले. त्यांनी शिवीगाळ केली नाही की हात उचलला नाही. फक्त कॅमेरा बंद करायला सांगितला, मोबाइल मागून घेतले आणि चौकीत चला म्हणाले. गल्लीतून खाली उतरताना दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती. अंजना मावशी जिन्यावरच थांबली. ती एका पोलिसाला काहीतरी सांगत होती, तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही. जम्बो उतरलं तेव्हा ते दोघे पोलिसांच्या गाडीत होते. आवाजावरून दोघांनाही कळलं. कुणी मान वर केली नाही.

चौकीतल्या साहेबांनी आधी दोघांची नावं विचारली, गाव विचारलं. अजमलचं नाव लिहून घेताना त्यांचं पेन जरासं थांबलं, एवढंच. मग ऋषिराजला घरी एक फोन लावू दिला. त्याने वडलांना लावला. पलीकडून लालासाहेब बराच वेळ बोलत होते आणि ऋषिराज नुसता हो, हो म्हणत होता. थोड्याच वेळात साहेबांच्या मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला. ते उठून उभे राहून बोलले. परत बसले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"वडील फौजेत होते, आधी सांगायचं ना," ते ऋषिराजला म्हणाले. मग अजमलकडे बोट करून विचारलं, "आणि हा कोण तुमचा?"

अजमल शेजारच्या खुर्चीवर होता. ऋषिराजचं कोपर त्याच्या कोपराला लागलेलं होतं.

"गावाकडचा फोटोग्राफर आहे," ऋषिराज म्हणाला. "ओळखीचा. कॅमेरा माझा, लेन्स त्याची."

हे बोलताना त्याने कोपर जवळ घेतलं.

ऋषिराजला तासाभरात जाऊ दिलं. अजमलला आतल्या खोलीत नेलं. तिथे दुसरे एक अधिकारी आले. ते बोलायला सभ्य होते, त्यांनी चहाही मागवला. त्यांनी आजोबांचं नाव विचारलं, बाहेरदेशी कोण असतं ते विचारलं. आतेभाऊ शारजात प्लंबर आहे म्हटल्यावर त्याचा नंबर घेतला. मोबाइलमधले सगळे फोटो बघितले. शिफाचा, म्हणजे अजमलच्या मुलीचा, वाढदिवसाचा केक आणि त्याच्या मागे-पुढे विमानंच विमानं. चाकं, शेपट्या, पोटं, पंख.

"इतकी विमानं कशाला लागतात?" त्यांनी विचारलं.

अजमलने सांगायचा प्रयत्न केला. आवड आहे म्हणाला. त्यांनी आवड म्हणजे काय ते विचारलं. त्याला उसाचा बांध आठवला, पांढऱ्या रेघा आठवल्या, पण त्या खोलीत ते सगळं बोलायला गेला की खोटं वाटायला लागलं. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. शेवटी आपण खरंच काहीतरी केलं असेल, आपल्यालाच ते आठवत नसेल, असं त्याला वाटायला लागलं.

दिवस कलताना त्याला सोडलं. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं आणि मोबाइलमधलं सगळं पुसून टाकलं होतं. "लग्नाचे फोटो काढा," अधिकारी म्हणाले. "या भानगडीत पडू नका. तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय."

ऋषिराज बाहेर गाडीपाशी उभा होता. दिवसभर तो तिथेच थांबला होता, उन्हाने त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने अजमलसाठी वडापाव घेऊन ठेवला होता. तो गार झाला होता. अजमलने तो घेतला, पण खाल्ला नाही. शिरवळला चहाला थांबले तेव्हा ऋषिराज सिद्धू नावाच्या कामावरच्या माणसाबद्दल काहीतरी सांगायला लागला आणि मध्येच थांबला. स्टुडिओपाशी आल्यावर त्याने डिकी उघडली, कॅमेऱ्यापासून लेन्स सोडवली आणि अजमलच्या हातात दिली. एरवी कॅमेरा आणि लेन्स एकाच बॅगेत, ज्याला हवी त्याच्या घरी असायची.

दोन-चार दिवसांतच गावात बोलणं पसरलं. अजमलला मुंबईत पोलिसांनी धरलं. त्यात ऋषिराजचं नाव कुठे नव्हतं. तोंडावर कुणी काही विचारलं नाही. लग्नाचं एक ठरलेलं काम मात्र गेलं. घरचाच कुणी पोरगा फोटो काढणार आहे, असा निरोप आला. अजमलची आई अख्तरबी रोज नमाज झाल्यावर त्याच्या अंगावर फुंकर मारायची. नूरीनने विचारलं, ऋषीभावजी कसं येत न्हाईत आता? अजमल म्हणाला, कामात असेल.

एका दुपारी लालासाहेब स्टुडिओत आले. अजमल त्यांना लहानपणापासून तात्या म्हणायचा. त्यांच्याच दारात तो सायकल शिकला होता. त्याने खुर्ची पुढे केली, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. तात्या बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरगं घरात नीट जेवत न्हाई," ते म्हणाले. "तू त्याच्यावर राग धरू नगंस."

अजमल म्हणाला, राग नाही.

"मीच त्याला फोनवर सांगितलं हुतं. म्हणलं, तुझ्याबरुबर कोण हाय ते लय बोलू नगंस, आधी तू भाईर ये. तू सुटलास की मग त्याचं बघू. लढाईत असंच करत्यात रं, एक माणूस आधी सुरक्षित काढायचा."

"मग माझं बघितलं का, तात्या?"

तात्या टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. ज्या साहेबांना त्यांनी फोन लावला होता, त्यांना दुसऱ्या नावाबद्दल सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती. ते तसं म्हणाले नाहीत. पण अजमलला कळलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "त्याचं न्हवं."

"तुमी सांगितलं असंल, तात्या," अजमल हळू म्हणाला. "पण बोलला तो. माझ्या शेजारी बसून बोलला."

चहा आला, तो त्यांनी संपवला. निघताना अजमलने नेहमीप्रमाणे वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर बराच वेळ राहिला.

दिवाळीनंतर ऋषिराजने कंपनीकडून चेन्नईची बदली मागून घेतली. जायच्या आधी तो येऊन गेला. नूरीनच्या हातचा खिचडा जेवला, शिफाला खेळण्यातलं विमान देऊन गेला. त्या गोष्टीबद्दल तो बोलेल म्हणून अजमल वाट बघत होता. ऋषिराजही बहुतेक अजमलच विषय काढेल म्हणून थांबला होता. दारात चपला घालताना तो म्हणाला, "अज्या, तू नको म्हणाला होतास ना, तेव्हा मला कळायला पाहिजे होतं." अजमल म्हणाला, "जाऊ दे गड्या." याच्यापुढे दोघांनाही जाता आलं नाही.

काही महिन्यांनी ऋषिराजने मोबाइलवर एक फोटो पाठवला. चेन्नईत त्याला तसलंच जम्बो सापडलं होतं. अजमलने तो मोठा करून बघितला. काढताना ऋषिराजचा हात किंचित हलला होता, शेपटीवरची अक्षरं पुसट आली होती. पूर्वी असतं तर त्याने फोन लावून शिव्या घातल्या असत्या. आता त्याने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

त्याच सुमारास अख्तरबीचं उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं. मुलानेच तिला घेऊन जायचं, हे कधीपासूनचं बोलणं होतं. पण पासपोर्ट काढायचा म्हणजे पोलीस चौकशी आली, ठाण्यात जाऊन बसणं आलं. अजमल रोज उद्या-उद्या करत राहिला. ठाण्याच्या फाटकापर्यंत तो एकदा गेलाही, आणि सावलीत उभा राहून परत आला. शेवटी नूरीननेच लोणंदच्या बादशहा मामांना विचारलं. ते अख्तरबीचे भाऊ, त्यांचा पासपोर्ट तयार होता. अख्तरबीने कारण विचारलं नाही. भाऊ बरोबर आहे म्हणजे काळजी नाही, एवढंच म्हणाली.

त्यांना सोडायला अजमल आणि नूरीन मामांच्या गाडीने मुंबईला गेले. विमानतळाच्या दारासमोर बसगाड्या भरून आलेली माणसं होती. कुणी रडत होतं, कुणी हार घालत होतं, आणि जो तो मोबाइल वर धरून फोटो काढत होता. टूरवाल्यांनी दिलेली हिरवी पिशवी गळ्यात अडकवून अख्तरबी अवघडून उभी होती. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती.

"अजमल, माझा एक फोटू काढ की," ती म्हणाली. "मागं ते दार येऊ दे. स्टुडिओत लाव."

अजमलचा हात खिशात गेला. काचेच्या दारापाशी बंदूक घेतलेला जवान उभा होता. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, त्याचं लक्ष तिकिटांकडे होतं. शेजारी दहा माणसं फोटो काढत होती. हे सगळं अजमलला दिसत होतं. तरी खिशातला मोबाइल वर येईना.

"हितं नको, अम्मी," तो म्हणाला.

अख्तरबीने त्याच्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि फार काही झालं नाही अशा आवाजात म्हणाली, ऱ्हाऊ दे, माझं तोंड बी सुकलंय. नूरीनने पर्समधून आपला मोबाइल काढला आणि पटकन दोन फोटो घेतले. नवऱ्यालाही तिने आईजवळ उभं राहायला सांगितलं. तो राहिला. अख्तरबीने त्याचा हात घट्ट धरला होता. बादशहा मामा घाई करायला लागले तेव्हा तिने तो सोडला आणि दोघे आत गेले. गर्दीत हिरवी पिशवी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

गाडीकडे चालताना डोक्यावरून एक मोठं विमान वर चढत गेलं. नूरीनने मान वर केली. कुठलं हाय, कुठं चाललंय, असं तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बघितलं न्हाई," अजमल म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.