दारू किती पौंड?

अरे, ऐका ना नेत्राचं काय झालं ते! शनिवारी सकाळी ती आणि तिचा नवरा सुमंत अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून निघाले कॅनडाला, मोहनकडे. मोहन म्हणजे शेजारच्या गुरुदत्तकाकांचा पुतण्या. आणि काका म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेले, कधीचे सिटिझन झालेले, अजून दरवर्षी हरणाच्या शिकारीला जाणारे. निघताना काकांनी स्वतःच्या हाताने डिकीत एक खोका ठेवला, टेपने गच्च बांधलेला.

"मोहनसाठी थोडी दारू आहे गं. उन्हात ठेवू नकोस. आणि आगीपासून लांब!"

"काका, दारू आहे की गॅसचा सिलिंडर?" नेत्रा खिदळत म्हणाली आणि गाडी काढली.

बॉर्डरवर ही लांब रांग! शेवटचा एक्झिट मागे पडला, दोन्ही बाजूंना गाड्या, वळायला जागाच नाही. तेव्हा सुमंतला आठवलं. "अगं, दारू डिक्लेअर करावी लागते. लिमिट असतं. काकांना विचार ना, किती आहे."

तिने काकांना फोन लावला, गाडीच्या स्पीकरवरच.

"काका, दारू किती लिटर आहे?"

"लिटर? दारू कुणी लिटरवर मोजतं का, वेडे? एक पौंड आहे."

"पौंड?"

"हो, आणि रिकाम्या पुंगळ्या शंभर. मोहन काडतुसं घरीच भरतो ना, त्याला..."

फोन कट झाला.

नेत्राने मागे वळून डिकीकडे बघितलं. दारू. ती दारू नाही, *ती* दारू. बंदुकीची!

सुमंत भराभर फोनवर वाचायला लागला. "बाहेर न्यायला इकडची परमिशन लागते... कॅनडाचे रूल्स वेगळेच... नेत्रा, हे बघ. व्हिसावरच्या लोकांना, थोडे अपवाद सोडले तर, अ‍ॅम्युनिशन जवळ ठेवताच येत नाही."

"पण ही नुसती पावडर आहे ना? गोळी कुठेय?"

"यार, कायद्यात पावडर पण अ‍ॅम्युनिशनच. रिकामी पुंगळीसुद्धा!"

म्हणजे बेलव्ह्यूपासून इथपर्यंत सगळा रस्ता त्यांनी गुन्हा ड्राइव्ह करत आणला होता. दोघंही एच-वन-बीवर, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. नऊ वर्षं ग्रीन कार्डच्या लाइनीत. एक शिक्का चुकीचा पडला की संपलं, घर, नोकरी, सगळं.

पुढे तीन गाड्या होत्या. मग दोन.

"फेकून देऊ?" सुमंत.

"कॅमेरे दिसतायत का तुला? गप्प बस."

मग एकच.

खिडकीतल्या ऑफिसरने पासपोर्ट घेतले. कुठे चाललात, किती दिवस, सगळं हसून विचारलं. मग म्हणाला, "दारू, तंबाखू, शस्त्रं, अ‍ॅम्युनिशन काही आहे का?"

नेत्राने तोंड उघडलं आणि तेवढ्यात फोन वाजला. ती घाईघाईत कट करायला गेली आणि दाबलं नेमकं हिरवं बटण! काकांचा तो खणखणीत आवाज गाडीभर, "अगं, कट झाला बघ मघाशी! दारू नीट आहे ना?"

ऑफिसरचं हसू गेलं. "काय म्हणतायत ते?"

"विस्की म्हण," सुमंत ओठ न हलवता पुटपुटला, मराठीत. "विस्कीच म्हण. खोटं थोडीच आहे, दारूच ना ती!"

एक क्षण नेत्राला ते इतकं सोपं वाटलं! पण डिकी उघडायला एक मिनिट लागणार होतं. आणि मग पावडर तर होतीच, वर खोटंही निघालं असतं.

"गनपावडर," ती म्हणाली. "डिकीत आहे. आम्हाला विस्की वाटली. खरंच. आत्ता, या रांगेत कळलं."

ऑफिसरने पासपोर्ट आपल्याकडेच ठेवले आणि वायरलेस उचलला.

"इंजिन बंद करा. दोघांचे हात मला दिसतील असे ठेवा."

नेत्राने किल्ली फिरवली. गाडी शांत झाली, पण स्पीकर चालूच होता.

"हॅलो?" काका विचारत होते. "हॅलो, नेत्रा? पोचली का गं दारू?"