दोघांचं जाऊन-येऊन

माणसं पोचवणं हा माझा धंदा हाय. हसू नका. सेवाग्रामच्या दवाखान्यात बावीस वर्षं मी पेशंटजवळ बसायचं काम केलं. ज्याचं कोणी नाई त्याच्याजवळ बसली, अन् ज्याचं हाय पण ज्याले टाइम नाई त्याच्याजवळबी बसली. त्यातूनच हे दुसरं काम निघालं. इकडची पोरं पुण्याले, बंगलोरले गेली, मायबाप इथंच राह्यले. मंग एक दिवस माय पडते नाईतर बाप पडते, अन् पोराचा फोन येते, "तानाबाई, आईला इकडे आणून सोडाल का?" मी विमानात बाजूले बसते, टायमावर गोळ्या देते, बाथरूमले नेते, लेकाच्या हवाली करते अन् वापस येते. जातानी दोघं, येतानी एकटी. सिंदीचे मनोहरराव माझे नववे.

आधीच्या आठातलं एकबी माणूस वापस आलं नाई. पहिल्या दोघींच्या वेळेस मी येतानी विमानात रडली होती, बाजूच्या माणसानं मले रुमाल देल्ला होता. मंग रडणं आपोआप बंद झालं. आता काहीच वाटत नाई. खोटं काऊन बोलू? गॅसवाला भरलेलं सिलिंडर देते अन् रिकामं घेऊन जाते, त्याले रडू येते काय?

मनोहररावांचं घर सिंदी रेल्वे गावाले, टेसनापासून दीड-दोन किलोमीटर. घराच्या मागं अर्ध्या एकराची भाजीची वाडी. वांगे, पालक, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. त्यांची बायको कुसुमबाई शेवटचे एकोणीस दिवस आमच्या दवाखान्यात होती, तेव्हा मीच होती तिच्याजवळ. तिथूनच वळख. माणूस सरळ. मी राम राम म्हणायच्या आधी तेच मले जयभीम म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले तरी सकाळी मोटर चालू करून पाण्यात उभे. दिवाळीनंतर त्याच पाण्यात पाय घसरला अन् सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत तिथंच पडून राह्यले. शेजारचे नत्थूजी सांबार मागाले गेले म्हणून सापडले. हाड मोडलं नाई, नशीब. पण त्यांचा पोरगा नयन तिकडे बंगलोरले पुरता भेला. मी त्याले नावं ठेवत नाई. माझा बाप सात घंटे चिखलात पडला असता तर मीबी भेली असती.

नयनचा फोन आला. "मावशी, बाबांना सांगितलंय, चार दिवस यायचं, डोक्याचा फोटो काढायचा, बस. तुम्हीही तेच सांगा."

"अन् चार दिवसांनंतर?"

"मग बघू."

या 'मग बघू'चा अर्थ मले चांगला पाठ हाय. आठ वेळा ऐकला होता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. तिकीट काढून राह्यला होता अन् आवाज चिडका. "मावशी, हा काय प्रकार आहे कळत नाही. जायचं दोघांचं काढलं तर माणशी बावन्नशे. तुमचं येतानाचं एकटीचं टाकलं की साडेनऊ हजार!"

"काऊन? मी काय दोन जागांवर बसते काय?"

"जागा तीच हो. एक माणूस टाकला की भाव चढतो, दोन टाकले की उतरतो. त्यांना वाटतं, एकटा जाणारा म्हणजे कंपनीच्या कामाला, कंपनी देईल कितीही. दोघं म्हणजे फिरायला निघालेले, त्यांना परवडलं पाहिजे."

"वा रे वा! म्हणजे मी कंपनीवाली दिसते काय त्याहिले? येऊन पाहा म्हणाव माझी चप्पल."

नयन हसला. मी नाई हसली. एकटीले महाग पडते हे मले विमानवाल्यानं सांगाची गरज नव्हती. माझा नवरा वारल्यावर खोली पाहाले फिरली तेव्हाच समजलं. एकटी बाई म्हटलं की कोणी खोलीच देत नाई, अन् देल्ली तर किराया जास्त. टेसनावरच्या ऑटोचंबी तेच. सवारी भरली नाई तर तिन्ही जागांचे पैसे एकटीनंच भराचे. आता हे वरती उडणारेबी तसेच निघाले. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

थोड्या वेळानं नयन म्हणे, "जमलं! दोघांचं जाऊन-येऊन काढलं. माणशी एका खेपेचे सत्तेचाळीसशेच. सगळं मिळून अकराशे रुपये कमी लागले."

"अन् बाबाजीचं येतानीचं?"

"ते राहू द्या ना. जागा रिकामी जाईल. कोणाचं काय बिघडतं?"

मीबी म्हटलं, कोणाचं काय बिघडते.

मनोहररावाले मोबाईलवरचं काही पटत नसे. म्हणून मी ते तिकीट चौकातून कागदावर काढून आणलं अन् सिंदीले गेली. ते खाटेवर बसले होते, गाल फुगवून. "मी नाई येत, बाई. पोट्ट्याचा डाव हाय हा. एकदा नेलं की ठेवूनच घेते. मले का समजत नाई?"

मी कागद पुढं केला. त्यायनं चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. जायची तारीख, गुरुवार. खाली यायची तारीख, सोमवार. अन् तिथं माझ्या नावाच्या वर त्याहिचं नाव. बोट तिथंच थांबलं.

"परतीचं बी काढलं काय माझं?"

मी मान हलवली.

त्याहिचा चेहरा असा खुलला की मले भितीवरच्या कॅलेंडरकडे पाहावं लागलं. मंग कागद मांडीवर ठेवून म्हणे, "तानाबाई, तुम्ही माझ्याशी खोटं नाई बोलत. कुसुमच्या वेळेस डॉक्टरच्या आधी तुम्हीच मले खरं सांगतलं होतं, का घरी नेऊन काही फायदा नाई म्हणून. हे तिकीट खरं हाय ना?"

"खरं हाय बाबाजी," मी म्हटलं. "नाव हाय ना तुमचं त्याच्यावर."

झालं. माणूस उठला अन् कामाले लागला. सांबाराचा एक वाफा राह्यला होता तो पेरला. नत्थूजीले कुंपणावरून आवाज देल्ला, "चार दिवस पाणी देजो रे, सोमवारी मी हावच!" गुरुवारी निघतानी कुलूप लावलं अन् चाबी नत्थूजीले नाई देल्ली, आपल्याच खिशात टाकली. टेसनावर सोडाले कैलासचा ऑटो होता. उतरतानी त्याले म्हणे, "सोमवारी पाचच्या गाडीवर येजो. दोघं हाओ, दोघांचेच पैसे घेजो, जास्त नाई."

विमानात खिडकीतून खाली पाहत होते. "वावरं किती लहान दिसतात," म्हणे. मी त्याहिले दोन गोळ्या देल्ल्या. मले काही वाटत नव्हतं. खरंच नाई.

नयनचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. सून आचल चांगली पोरगी, पाया पडली, खीर केली. बाबांची खोली तयार होती. नवी खाट, नवी गादी, कपाटात चार नवे सदरे घड्या घालून. डोक्याचा फोटोबी निघाला, त्यात काही नाई. तिसऱ्या दिवशी मनोहरराव बाथरूममधून बाहेर आले अन् माझ्याजवळ हळूच म्हणे, "आत पाह्यलं काय तुम्ही? धराले स्टीलचे दांडे ठोकले. चार दिवसांसाठी कोणी भितीले भोकं पाडते काय?"

मी म्हटलं, "पाय घसरू नये म्हणून असतील."

ते माझ्याकडे पाहत राह्यले. मंग संध्याकाळी आचलले म्हणे, "बाई, मले परतीची खिडकीची जागा पाह्यजे, पाहून दे." ती बिचारी गोंधळली, नयन घरी नव्हता, अन् नाई कसं म्हणावं म्हणून तिनं दोघांचंबी चेक-इन मोबाईलवर करून टाकलं. खिडकी मनोहररावाची, बाजूची माझी.

सोमवारी सकाळी मी बॅग घेऊन बाहेर आली तर ते दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले. धोतर, टोपी, पायात बूट, मांडीवर पिशवी. पिशवीतून कागद वर निघालेला.

नयन म्हणे, "बाबा, एक रिपोर्ट यायचाय अजून."

"तो फोनवर सांगजो."

"बाबा, ऐका ना."

"तिकीट हाय माझं," मनोहरराव म्हणे. अन् लेकाकडे नाई, माझ्याकडे पाह्यलं. मी बॅगेची चेन लावत बसली. लागलेलीच होती ती. उघडली अन् पुन्हा लावली.

नयनले तोंडावर खोटं जमत नाई, बापावर गेला. उभ्या उभ्या म्हणून गेला, "बाबा, ते तानाबाईंचं एकटीचं फार महाग पडत होतं. दोघांचं जाऊन-येऊन काढलं की कमी होत होतं. म्हणून तुमचं नाव टाकलं."

खाली कोणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती.

"म्हणजे मी सूट होतो," मनोहरराव म्हणे.

"बाबा, तसं नाही हो..."

"राहू दे. समजलं."

ते वाकले अन् बुटाच्या नाड्या सोडाले लागले. मी पुढं झाली, आठ जणांचे जोडे काढलेत मी, तर हातानंच मले मागं सारलं. लय टाइम लागला. मंग खिशातून चाबी काढली अन् माझ्या हातावर ठेवली. "नत्थूजीले देजा. सांबार उगवला का खुडून घेजो म्हणाव, वाया नको जाऊ देऊ." जरा थांबून म्हणे, "खिडकीवर तुम्हीच बसजा, बाई. पैसे भरले हायेत."

मी जयभीम म्हटलं. पहिल्यांदाच मी आधी म्हटलं. त्यायनं मान हलवली, बस.

विमानतळावर गेटाजवळ मी भोंग्याच्या खालीच बसली होती. भोंग्यातून त्याहिचं नाव आलं, सिंदीच्या माणसाचं नाव त्या पोरीच्या तोंडून वाकडंतिकडं. "प्रवासी मनोहर, कृपया त्वरित गेटवर यावे." हिंदीत, इंग्रजीत, काय काय भाषेत. तीनदा. एका पोरानं येऊन मले इचारलं, "आपके साथ हैं?" मी म्हटलं, "नहीं आए." त्यानं मोबाईलवर बोट मारलं अन् गेला.

खिडकीवर मी बसली नाई. माझ्या जागेवरच बसली. बाजूची जागा तशीच, पट्टा दोन्हीकडून लोंबत. हवाई सुंदरी म्हणे, सरकून बसा ना, आराम पडेल. मी म्हटलं, कोणाची तरी हाय ती. ती रिकाम्या जागेकडे पाहून गेली. तेव्हाबी मले काही वाटलं नाई. चाबी मुठीत होती, हाताले तिचा वास लागला होता, तेवढंच समजत होतं.

नागपूरहून पाचच्या गाडीनं सिंदीले उतरली. कैलास ऑटो घेऊन उभाच होता. मागची सीट फडक्यानं पुसून ठेवलेली. मले पाह्यलं, मंग माझ्या मागं पाह्यलं.

"बाबाजी कुठं राह्यले, मावशी?"

मी बॅग खाली ठेवली.

"पुलावरून येऊन राह्यले असतील हळूहळू," तो म्हणे. "येऊ द्या, घाई नाई. दोघांचं ठरलं हाय आपलं." त्यानं चालू केलेली गाडी बंद केली अन् पुलाच्या पायऱ्यांकडे तोंड करून उभा राह्यला. माणसं उतरत होती. एक बाई लेकरू घेऊन, दोन कॉलेजच्या पोरी, एक म्हातारा, पण तो दुसराच. प्रत्येक म्हाताऱ्याले कैलास मान उंच करून पाही. मंग पुलावर कोणीच उरलं नाई, तरी तो पाहत राह्यला.

"येत नाईत ते," मी म्हटलं.

"आज नाई? मंग कधीच्या गाडीवर येऊ?"

बावीस वर्षं मी लोकायले सांगत आली, तुमचा माणूस जगते का नाई, घरी न्यावं का नाई, अन् माझा आवाज कधी हलला नाई. इथं एका ऑटोवाल्याले गाडीचा टाइम सांगाचा होता, अन् मी टेसनाच्या पायरीवर मटकन बसली अन् पदर तोंडात कोंबला तरी रडणं थांबेना.

"मावशी! अवं मावशी! काय झालं? बाबाजीचं बरंवाईट झालं काय?"

"नाई रे. जिवंत हायेत," मी म्हटलं. "त्यायनं मले इचारलं होतं तिकीट खरं हाय काय म्हणून. तिकीट खरं होतं, कैलास. मी खोटी होती."

त्याले काही समजलं नाई. त्यानं माझी बॅग उचलून ऑटोत ठेवली. मंग गाडी चालू करायच्या आधी, सवयीनं, पुलाकडे एकदा अजून पाह्यलं.