पिवळ्या पॉटीने लपवलेला ताप

मी एक जुनी पॉटी आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. माझ्याकडे बघून न हसलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

गरम साच्यातून निघाले तेव्हा मी हळदीसारखी पिवळीधमक होते. दुकानातून थेट ठकीच्या घरी आले. ठकी दोन वर्षांची. माझ्यात पहिल्यांदा शू केली तेव्हा घरभर टाळ्या वाजल्या. “आमची ठकी मोठी झाली गं बाई!” आत्या म्हणाली. त्या टाळ्या ठकीच्या, पण थोड्या माझ्याही.

मग एके दिवशी ठकी तापाने फणफणली. सर्दी नाही, खोकला नाही. डॉक्टरीणबाईंनी शू तपासायला झाकणाची स्वच्छ बाटली दिली. “शू थेट हिच्यात धरा,” म्हणाल्या. पण ठकी बाटली बघितली की भोकाड पसरायची. शेवटी बाबांनी माझ्यातली शू बाटलीत ओतली.

“अहो, चालेल ना?” आईने विचारलं.

“शू ती शूच. न चालायला काय झालं?”

मित्रांनो, मला रोज घासत, तरी माझ्या अंगाला जंतू होतेच. अहवालात नाना जंतूंची खिचडी आली. ताप आणणारा खरा कोणता, कळेना. “पुन्हा आणून द्या,” असा निरोप आला. तोवर ताप उतरला होता. पुन्हा कुणी गेलं नाही.

ताप मात्र पुन्हा आला. “दाढा येतायत,” आत्या म्हणाली. तिसऱ्या तापात ठकीला दवाखान्यात ठेवलं. बारीक नळी घालून फोटो काढले, तेव्हा कळलं, तिची शू मूत्राशयातून उलटी वर चढत होती आणि जंतूंना मूत्रपिंडापर्यंत नेत होती. डाव्या मूत्रपिंडावर वण पडला होता.

“हा भरून येईल ना?” आईने विचारलं.

“वण राहील. दुसरा पडू द्यायचा नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “रोजचं औषध चुकवू नका. शू दाबून ठेवायची नाही, पोट साफ हवं. आणि ताप आला की त्याच दिवशी शू तपासायची.”

पुढे धाकटा भाऊ झाला. दीड वर्षाचा असताना तोही तापला. बाबांचा हात सवयीने माझ्याकडे वळला.

“तिला हात लावू नका!” आई ओरडली.

मग तीच त्याला पुसून, बाटली उघडून ताटकळत बसली. शेजारी ठकी हळूच गुणगुणत होती,

“खाली खाली ये गं शू,
वरती नको जाऊ तू.”

धार आली. आईचा हात भिजला, पण बाटलीही भरली. त्याच दिवशी औषध सुरू झालं. त्याला वण पडला नाही.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असते. एक गोष्ट अजून मला सोडत नाही. त्या पहिल्या तापाआधी चार दिवस ठकी माझ्यावर बसून ओठ दाबून कण्हत होती. दार लोटलेलं असायचं. ऐकणारी मी एकटीच होते.

शू करताना दुखलं, तर लाजू नका. दार उघडा आणि मोठ्याने सांगा.