उणे वीसवर थिजलेला आकडा

मूल शेजारच्या खोलीत गप्प झालं की हातातलं टाकून आधी तिकडे बघावं, हे मला माझ्या लेकीनं शिकवलं. ती रडत असते तेव्हा मी निवांत भाजी चिरते. आवाज थांबला की सुरी खाली ठेवते.

बाळंतपणाच्या रजेवरून मी कामावर परतले आणि ज्याला इथे सगळे घाई म्हणतात त्या पोरानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की शुक्रवारपासून यंत्रानं एकदाही कुरकुर केलेली नाही, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. म्हणूनच वाटलं नाही.

आमची दूधपेढी म्हणजे इस्पितळाच्या तळघरातल्या दोन खोल्या. ज्यांना लेकराला पुरून उरेल इतकं दूध येतं त्या आया ते इथे देऊन जातात. ते तपासून, तापवून, गोठवून ठेवायचं आणि वर काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या, दिवस भरण्याआधीच आलेल्या बाळांना द्यायचं. माझ्याकडे तो लिनक्सवर चालणारा लहानसा संगणक, जो फ्रीझरवर नजर ठेवतो. आत गरम व्हायला लागलं की तो आम्हा सगळ्यांच्या फोनवर बोंब मारतो. एरवी गप्प. गप्प म्हणजे ठीक, हा इथला रिवाज माझ्याही आधीपासूनचा.

माझ्या रजेत हे सगळं घाईनं सांभाळलं. त्याला घाई का म्हणतात ते त्याला जिने उतरताना पाहिलं की कळतं. पोरगा हुशार, मनानं चांगला, पण एक काम पुरं व्हायच्या आत दुसऱ्यात हात घालणारा. गेल्या आठवड्यात यंत्र उगाचच सारखं ओरडत होतं म्हणे. नुसतं दार उघडलं तरी फोन वाजायचा. त्यानं काहीतरी करून पाहिलं आणि ते बंद झालं. बाटल्यांचं काम बघणाऱ्या मावशीही खूश होत्या. म्हणाल्या, सासूबाई गावाला गेल्यासारखं वाटतंय.

मी माझं दूध घेऊन आले होते. ते द्यायला मावशींच्या मागोमाग फ्रीझरपाशी गेले. मावशींनी दार उघडलं आणि उघड्या दारातच त्या मला वरची खबर सांगत बसल्या. वर एक चिमणी आली आहे. तळहातावर मावेल एवढी. आई तापानं फणफणलेली, अजून लेकीचं तोंडही पाहिलेलं नाही, तिचं दूध यायचा प्रश्नच नाही. चिमणीचं सगळं आपल्या बाटल्यांवर. मावशी सांगत होत्या, गार वाफ आमच्या पायांवर उतरत होती आणि मी भिंतीवरच्या, फ्रीझरचं तापमान दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत होते. उणे वीस पूर्णांक तीन.

दार इतका वेळ उघडं असलं की आकडा हलतो. थोडासाच, पण हलतो. तो हलला नाही.

मावशींना म्हटलं, दार लावा. लावलं. पुन्हा उघडा. उघडलं. मावशी माझ्याकडे, बाळंतपणात हिच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा नजरेनं बघायला लागल्या. आकडा उणे वीस पूर्णांक तीन.

मी संगणकापाशी बसले आणि पहिल्यांदा जे विचारायचं तेच विचारलं, डिस्क किती भरली आहे. शंभर टक्के. मुंगीलाही जागा नव्हती. मग कुणी भरली ते शोधलं. खोट्या बोंबा का येतात हे समजावं म्हणून घाईनं प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं, की तू करतोस ती प्रत्येक गोष्ट लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहून ठेव. कारण सापडेना, दुसरं काम आलं, आणि लिहिणं थांबवायचं राहून गेलं. तो बिचारा लिहीत राहिला, जागा संपेपर्यंत. जागा संपल्यावर त्याला नवा आकडा टिपता येईना, आणि आकडा टिपल्याशिवाय बोंब मारायची नाही असं त्याला शिकवलेलं. पडद्यावर होता तो शेवटचा टिपलेला आकडा. शुक्रवारचा.

घाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. त्याचा हात माउसकडे गेला, लॉगची फाइल उडवून टाकायला. मी तो धरला. चालू प्रोग्रामनं धरून ठेवलेली फाइल उडवली तरी जागा सुटत नाही, नाव तेवढं जातं. मी ती आतून रिकामी केली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

पडद्यावरचा आकडा बदलला. उणे एकवीस.

घाईनं श्वास सोडला. झालं की, म्हणाला, फ्रीझर ठणठणीत आहे, जीव भांड्यात पडला. मावशीही हसल्या.

मला अजून एक विचारायचं होतं. हा संगणक कधीपासून जागा आहे? उत्तर आलं, शनिवार दुपारपासून. म्हणजे त्याआधी तो बंद पडला होता. म्हणजे वीज गेली होती. घाईच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवटच राहिलं. वरच्या वॉर्डाला जनरेटर आहे, तळघराला नाही, हे त्याला ठाऊक होतं. वीज किती वेळ गेली होती हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी इथे खाली चिटपाखरू नसतं, आणि जो एक जागा राहायचा त्याच्याकडे लिहायला जागा नव्हती.

"आता गोठलेलं आहे ना सगळं?" घाई म्हणाला. विचारलं नाही, विनवलं.

मी फ्रीझर उघडला. मावशींची एक पद्धत आहे. बाटल्या आधी उभ्या ठेवून गोठवायच्या, दगड झाल्या की आडव्या करून रचायच्या, म्हणजे जास्त मावतात. त्यामुळे आडव्या बाटलीतसुद्धा दूध बुडाशी घट्ट बसलेलं दिसतं आणि गळ्याकडचा भाग मोकळा असतो. मी वरच्या कप्प्यातली एक बाटली उजेडात धरली. दूध बुडाशी नव्हतं. एका कडेनं, बुडापासून गळ्यापर्यंत पसरून गोठलं होतं, बाटली जशी आडवी होती तसं. दुसरी घेतली. तशीच. तिसरी मावशींनीच काढली, उजेडात धरली आणि खाली ठेवली.

सगळं पाणी झालं होतं. मग वीज आली आणि तसंच्या तसं पुन्हा गोठलं. हाताला थंड, डोळ्याला पांढरं, आकडा छान. मोठ्या माणसाचं पोट बिघडलं तर बिघडलं. पण चिमणीएवढ्या आतड्याला असलं दूध म्हणजे विषाची परीक्षा.

"मावशी, वर या कप्प्यातलं गेलं का?"

मावशींचा रंग उतरला. "तू यायच्या जरा आधीच गं बाई. कोमट पाण्यात धरून मीच देऊन आले."

वॉर्डाचा फोन घाईनं लावला. तो लागेना. मी जिन्यानं पळाले. टाके पडलेल्या पोटानं पळू नये असं मला बजावलेलं होतं.

सिस्टर पेटीपाशी उभ्या होत्या. वर टांगलेल्या पिचकारीतून दूध थेंब थेंब नळीत उतरत होतं आणि नळी चिमणीच्या नाकात गेली होती. चिमणीचे डोळे मिटलेले. एक मूठ उघडत होती, मिटत होती. सिस्टर मला चप्पल बाहेर काढायला सांगणार होत्या, पण माझं तोंड बघून थांबल्या.

"नळी धरा," मी म्हटलं.

त्यांनी आधी बोटांनी नळी चिमटली, मग विचारलं, काय झालं. सांगितलं. त्यांनी दुसरी पिचकारी लावून जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढलं. थोडं आलं. सगळं नाही. डॉक्टर आले, पोटाला हात लावला, पोटाचा घेर मोजायला सांगितला, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा मोजायला सांगितला. संध्याकाळपर्यंत कळेल म्हणाले. काय कळेल ते म्हणाले नाहीत. घाई दारात आला. खालच्या सगळ्या बाटल्या वेगळ्या काढून वर चिठ्ठ्या लावल्या, असं सांगून तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. शेजारच्या इस्पितळाकडे दूध मागायला माणूस गेला होता. मी घरी आईला फोन करून सांगितलं, की मला उशीर होईल, पिल्लूला तुझ्याजवळच झोपव.

तेवढ्यात बाहेर चाकांच्या खुर्चीचा आवाज आला. चिमणीची आई. ताप उतरला होता, म्हणून तिला पहिल्यांदाच लेकीपाशी आणलं होतं. ओठ सुकलेले, केस कुणीतरी मायेनं विंचरून दिलेले. खुर्ची पेटीला लागली, तशी तिनं दोन्ही हात काचेवर ठेवले. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. तिला वाटलं, तिच्या लेकीपाशी एवढी माणसं जमली आहेत ती कौतुकानंच.

"दूध घेतलं का हिनं?" तिनं विचारलं.

सिस्टरनी पोट मोजायच्या टेपकडे बघितलं. डॉक्टर कागदात बघत होते. घाईनं मान खाली घातली.

गप्प म्हणजे ठीक असंच तीही समजली असती, आणखी थोडा वेळ. मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला.

"थोडं घेतलं," मी म्हटलं. "त्या दुधाबद्दल तुम्हाला काही सांगायचंय. हात द्या माझ्या हातात."